धमाल व्यक्तिरेखा

त्या पुरस्कार सोहळ्यात आमच्या सासूबाई पोट धरून हसताना दिसतात. समोर रंगमंचावर एक बाप्या लुगडं नेसून त्यांचीच नक्कल करतोय आणि त्या तोंडाला पदर लावून हसतायत. वाहिनी सणासुदीला तो सोहळा पुन्हा पुन्हा दाखवते आणि दर वेळी कोणी ना कोणी मला सांगतं, "तुमच्या सासूबाई मोठ्या मनाच्या हं. स्वतःवर असं हसता येणं सोपं नाही." हे खोटं आहे. त्या तेव्हा हसल्याच नव्हत्या. त्या हसल्या होत्या सकाळी, रंगमंच रिकामा असताना, कारण कानाला बोलायचं यंत्र लावलेल्या वाहिनीच्या एका मुलीने सगळ्या सभागृहाला फर्मान सोडलं होतं, की आता सगळ्यांनी हसून दाखवायचं. ते हसू कापून वाहिनीवाल्यांनी नंतर भलत्याच ठिकाणी चिकटवलं. मी हे सांगायला गेले की लोकांना वाटतं, सासूचं कौतुक सुनेला सोसवत नाही. वाटू दे. एकदाचं सगळं लिहून काढते.

मी बोईसरला एका शाळेत मराठी शिकवते. माझे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी सांगलीकडून इकडे आले, मी इथेच वाढले आणि लग्न केलं ते किनाऱ्यावरच्या दांडी गावातल्या मुलाशी. माझ्या आत्यांनी तेव्हा नाकं मुरडली होती. मासळीचा वास, समुद्राचं खारं वारं आणि वर ती भाषा, असं बरंच बोलून झालं. भाषेचं म्हणाल तर पहिल्या महिन्यातच मला सासूबाईंचं बोलणं कळायला लागलं आणि वर्षभरात आवडायलाही लागलं. मी त्यांना आई म्हणते. त्या मला नावाने हाक मारत नाहीत, 'गो' म्हणतात. त्या पूर्वी बाजारात सुके बोंबील विकायला बसायच्या. गुडघे धरायला लागले तेव्हा ते बंद केलं, पण गावात लग्न असलं की धवले म्हणायला अजून त्यांनाच बोलावतात. मांडवात त्या गायला लागल्या की मुलाकडच्यांची बडबड आपोआप थांबते.

सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही. माझा नवरा लहान असतानाच ते समुद्रात गेले. घरात त्यावर कोणी बोलत नाही. नवऱ्याने मला लग्नानंतर एकदाच सांगितलं, तेही त्याला अंधुक आठवतंय तेवढंच. बोटी परत येताना दिसल्या की आई भात उतरवायच्या, ताट वाढायच्या आणि सासरे बंदरावर गप्पा मारत रेंगाळले की दारातून हाक द्यायच्या, "या आता, भात निवला." निवला म्हणजे गार झाला. त्या दिवशी दुपारी वारं फिरलं. बाकीच्या बोटी कशाबशा किनाऱ्याला लागल्या, त्यांची लागली नाही. आईंनी ताट वाढलेलं होतं. ते तसंच हातात घेऊन त्या वाळूवर गेल्या आणि पाण्याकडे बघून रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "या आता. भात निवला." छाती पिटली नाही की काही नाही. बायकांनी त्यांना धरून घरी आणलं. त्यानंतर ते शब्द आमच्या घरात कोणी उच्चारले नाहीत. जेवायला बोलवायचं तर आई "चला, बसा" म्हणतात.

एवढं ठाऊक असलं म्हणजे पुढचं समजेल.

एका मालिकेचं चित्रीकरण शिरगावच्या किनाऱ्यावर आलं. मासेमारी करणाऱ्या घराण्याची गोष्ट, नायक शिकून परत आलेला, नायिका शहरातली, वगैरे नेहमीचंच. त्यांना नायकाची म्हातारी आत्या हवी होती आणि ती इकडचीच हवी होती. कुणीतरी आईंचं नाव सुचवलं. दिग्दर्शक तरुण होता, बोलायला गोड. घरी येऊन आईंच्या पाया पडला, आमच्याकडचं बोंबलाचं कालवण दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाला, "आत्याबाई, तुम्ही तुमच्याच भाषेत बोलायचं. मला खरं पाहिजे, अगदी अस्सल." आई हो म्हणाल्या. मला वाटतं, त्यांना गंमत वाटली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी अस्सल म्हटलं होतं.

त्यांची कामं किरकोळच होती. दारात बसून जाळं विणायचं, नायिकेला दोन टोमणे मारायचे. त्यात एक मोठा प्रसंग होता. पुतण्याची बोट येत नाही आणि आत्या किनाऱ्यावर उभी राहते. त्यासाठी लिहून आणलेलं भाषण चांगलं पानभर होतं. त्यात दर्याराजाला साकडं होतं, शाप होता, कुळाचा उद्धार होता. रात्रभर धवले म्हणणाऱ्या आमच्या आईंना ते भाषण काही केल्या पाठ होईना. दोनदा अडखळल्या, तिसऱ्यांदा मधेच थांबून कपाळावरचा घाम पुसत बसल्या. ऊन उतरायला लागलं होतं. दिग्दर्शक घड्याळ बघत होता. शेवटी म्हणाला, "आत्याबाई, सोडा ते. तुम्हाला जे सुचेल ते बोला."

आई म्हणाल्या, "मला ताट दे."

युनिटच्या जेवणातला उरलेला भात एका ताटात घालून त्यांना दिला. त्या ओल्या वाळूपर्यंत गेल्या, उभ्या राहिल्या आणि पाण्याकडे बघून म्हणाल्या, "या आता. भात निवला."

माझ्या शेजारी उभा असलेला माझा नवरा वळला आणि सरळ गाडी लावली होती तिकडे चालू लागला. दिग्दर्शकाने बऱ्याच वेळाने कट म्हटलं. आईंजवळ जाऊन त्यांचे हात हातात घेतले. त्याचे डोळे भरले होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण त्याला कळलं नव्हतं असं मला कोणी सांगू नये.

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली नाही. माझ्या आली, कारण तो माझा रोजचा धंदा आहे. आत्या पुतण्याला 'ये' म्हणते. 'या' म्हणत नाही. सहावीच्या पोरालाही हे समजतं. आई मालिकेतल्या त्या पुतण्याला हाक मारतच नव्हत्या.

मालिकेचा तो भाग लागला तेव्हा शेजारणी आमच्याच घरी बसल्या होत्या. एकीने उठून आईंच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्या आपापल्या घरी गेल्या. आई टीव्हीसमोरून उठल्या आणि भाकऱ्या थापायला बसल्या. मला वाटलं, झालं, छान झालं, इतक्या वर्षांनी का होईना त्यांच्या तोंडून ते एकदा बाहेर पडलं.

मग एके दिवशी वर्गात एक मुलगी उशिरा आली. दारात उभी राहून "बाई, येऊ का?" म्हणाली आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "या आता, भात निवला!" हसून हसून बाकं हलायला लागली. मी विचारलं, हे कुठून आणलंत? "बाई, ट्रेंड आहे," उत्तर आलं. शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्याने मला मोबाइलवर दाखवलं. आईंचा तो चेहरा, ते ताट, त्या दोन वाक्यांवर 'टुंई' करून आवाज आणि मग उशिरा येणारा नवरदेव, उशिरा येणारी बस, शेपूट हलवत येणारं कुत्रं. असे किती तरी. खाली लोकांनी लिहिलं होतं, पुतण्याला अहोजाहो करणारी आत्या, हसून मेलो. कुणी 'हाय-नाय' भाषेची टिंगल केलेली. बोईसरच्या नाक्यावर वडापाव घ्यायला थांबले तर कारखान्यातून सुटलेले दोन कामगार एकमेकांना हेच म्हणत होते, मोडक्या मराठीत, आणि लोळत होते. त्यांच्यावर काय रागवायचं? त्यांना मराठीच धड येत नव्हती. पण माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, ती आजतागायत उतरलेली नाही.

आईंकडे बटणांचा फोन आहे. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं आणि मी ठरवलं, माहीत होऊ द्यायचं नाही. नवऱ्याला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, गावातल्या पोरांना तर दम भरला. गावाने ऐकलं. दांडीत ते वाक्य कोणी गमतीत म्हटलं नाही. ते शब्द आईंचे होते आणि ते कोणासाठी होते हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर जग दात काढतंय हे त्यांच्या कानावर जाऊ नये, एवढीच माझी धडपड होती.

आणि तेवढ्यात वाहिनीचा फोन आला. मुलगी लाडिक आवाजात म्हणाली, "काँग्रॅट्स मॅम, आजींना नामांकन आहे. धमाल व्यक्तिरेखा."

आमच्याकडे धमाल हा कौतुकाचा शब्द आहे. जेवण धमाल झालं, लग्न धमाल झालं, पोराने परीक्षेत धमाल केली. गावात बातमी फुटली तेव्हा सगळ्यांनी तोच अर्थ घेतला. भारी काम केलं म्हणून भारी नामांकन. सोहळ्यात सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट जोडी, असे ढीगभर पुरस्कार असतात, त्यातलाच हा एक. मराठी शिकवणाऱ्या मलासुद्धा वेगळी शंका आली नाही. उलट मला बरं वाटलं. त्या टवाळखोरांच्या गर्दीत कुणीतरी तो प्रसंग नीट पाहिला, असं वाटलं. मोबाइलवरून मत द्यायचं होतं. फोटो दिसला की दाबायचं. दांडीने दाबलं, शिरगावने दाबलं, पालघरला आईंची बहीण असते तिने अख्ख्या चाळीला दाबायला लावलं. बंदरावर बोटी लागल्या की पोरं खलाशांचे फोन मागून घ्यायची आणि दाबायची.

आई मात्र वेगळ्याच विचारात होत्या. साडी काढताना मला म्हणाल्या, "गो, ते भाशन मला आलंच नाय. ते आलं असतं तं बक्शीस माझं. मी बोलली ते त्यांचं. मंग बक्शीस पन त्यांचंच ना?"

मी म्हटलं, "त्यांचंच, आई."

"त्यांना कोनी कदी कायच नाय दिला," त्या म्हणाल्या आणि साडीची घडी मोडून पुन्हा घालत बसल्या.

सोहळ्याचं चित्रीकरण मुंबईत होतं, सकाळपासून. मोठ्या कलाकारांना आणायला वाहिनीच्या गाड्या होत्या. आम्ही मित्राची गाडी मागून घेतली, नवरा चालवायला. दारात लाल गालिचा, मागे जाहिरातींचा पडदा. तिथल्या फोटोवाल्यांनी आईंना पाहिलं आणि एकदम कालवा केला, "आत्या, इकडे! आत्या, एकदा भात!" आईंनी मला विचारलं, "भात कवा हाय?" त्यांना वाटलं, जेवणाचं विचारतायत. मी म्हटलं, "हाय अजून वेळ, चला." आणि त्यांना जवळजवळ ओढतच आत नेलं.

आत मघाशी सांगितलं ते हसण्याचं प्रकरण झालं. ती कानाला यंत्र लावलेली मुलगी सांगायची, टाळ्या, की टाळ्या. आश्चर्य, की सगळ्यांनी डोळे मोठे करायचे. मग हसायचं. कॅमेरे फिरत होते. मी हसले नाही, मला असल्या गोष्टी जमत नाहीत. आईंना वाटलं, पाहुण्यांच्या घरी आलोय, सांगितलंय तर करावं. त्या मनापासून हसल्या, तोंडाला पदर लावून. ती मुलगी लांबून अंगठा दाखवून "आजी, मस्त," म्हणाली. आईंना बरं वाटलं.

दुपारी आमचा विभाग आला. सगळ्यात आधी तो बाप्या. टीव्हीवर विनोद करणारा, त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे, मी घेणार नाही. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, डोक्यावर टोपली, टोपलीत प्लॅस्टिकचे मासे, अंबाड्यात झेंडूचं फूल. तो कंबर हलवत आला आणि निवेदकाला म्हणाला, "या आता, भात निवला!" सभागृह फुटलं. मग त्याने ते नायकाला म्हटलं, वाहिनीच्या साहेबांना म्हटलं, पहिल्या रांगेतल्या एका देखण्या नटाला डोळा मारून म्हटलं. आमची भाषा म्हणून तो जे बोलत होता ते पृथ्वीवर कुठेच बोलत नाहीत. निवेदक म्हणाला, "अहो पण आत्याबाई, पुतण्याला कोणी 'या' म्हणतं का?" तो म्हणाला, "काय करनार, आमाला शिकवलंच नाय!" पुन्हा हशा.

माझ्या हातावर आईंचा हात होता. तो आधी सैल होता. मग घट्ट झाला.

"गो, हा कोन?"

मी म्हटलं, "तुमची नक्कल करतोय, आई."

"माजी?"

मग पडद्यावर नामांकनं दाखवली. घसरून पडणारा नोकर. दारू पिऊन खांबाशी बोलणारा मामा. तोतरा वाणी. आणि हातात ताट घेऊन पाण्याकडे बघणाऱ्या आमच्या आई, त्यावर 'टुंई'. धमाल म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. मी उठून त्यांना बाहेर न्यायला हवं होतं, पण कॅमेरा आमच्या तोंडासमोर येऊन उभा राहिला होता आणि नाव पुकारलं गेलं होतं. आम्हीच निवडून आणलं होतं त्यांना. आमच्या दांडीच्या खलाशांनी, एक एक मत दाबून.

आई उठल्या. मी सोबत जाते म्हटलं तर त्या मुलीने मला अडवलं, फक्त विजेते, म्हणाली. आई एकट्याच पायऱ्या चढल्या, गुडघ्यावर हात ठेवून. कुणीतरी त्यांच्या हातात सोनेरी बाहुली दिली. तो लुगड्यातला बाप्या त्यांच्या पाया पडायचं नाटक करून लोळला. निवेदकाने माईक पुढे केला. "आत्याबाई, आता अख्खा महाराष्ट्र वाट बघतोय. एकदा होऊन जाऊ दे, ते तुमचं फेमस."

आई माईककडे बघत राहिल्या.

"भात," निवेदकाने आठवण करून दिली. "या आता..."

"कोनाला?" आईंनी विचारलं.

हशा झाला. निवेदकही हसला. "म्हणजे?"

"कोनाला बोलवू?" आई म्हणाल्या. त्यांचा आवाज मांडवातल्यासारखा लागला होता, माईकची गरज नव्हती. "तुजा कोन यायचा राहिलाय, बाला? नाव सांग. मी हाक मारते."

लोक हसत होते. शपथेवर सांगते, हसत होते. काही जण थांबले, पहिल्या रांगेतली एक नटी तर मान खाली घालून बसली होती, पण मागच्या रांगांना सवय लागली होती, त्या हसतच राहिल्या. आई उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. त्या विनोद करत नव्हत्या. निवेदकाने घरचं कोणी गमावलंय आणि त्याला ते आज इथे बोलावून हवंय, असंच त्यांना खरोखर वाटत होतं. एवढा बोलघेवडा माणूस, क्षणभर इकडेतिकडे बघितलं त्याने. मग हात उंचावून ओरडला, "जोरदार टाळ्या!" आणि संगीत वाजलं.

टीव्हीवर यातलं "कोनाला?" एवढंच ठेवलंय. पुढचं कापून तिथे सभागृहाचं सकाळचं हसू लावलंय आणि आईंचं हसू त्या नकलेला.

बाहेर वाहनतळाकडे जाताना तो दिग्दर्शक भेटला. कोट घातला होता, त्यालाही काहीतरी मिळालं होतं. आईंच्या पाया पडायला वाकला. आईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, सवयीने. नवरा आईंना घेऊन गाडीकडे गेला आणि मी तिथेच थांबले.

मी म्हटलं, "तुम्ही रडला होतात."

तो म्हणाला, "ताई, मला कळतंय. पण विभाग वाहिनी ठरवते."

"तुम्ही त्यांना सांगितलं होतं का, तो प्रसंग काय आहे?"

"ताई, निगेटिव्ह घेऊ नका. आज महाराष्ट्रात घराघरात आत्याबाईंना ओळखतात. एवढी पोहोच मोठमोठ्या नट्यांना मिळत नाही."

"ओळखत नाहीत," मी म्हटलं. "त्यांना नुसतं बघतात. आमच्या घरात एक माणूस समुद्रात गेला, त्याला मारलेली हाक आहे ती. तुम्ही आमच्या घरी बसून जेवलात. अस्सल पाहिजे म्हणालात. मिळालं ना अस्सल? मग त्याला 'टुंई' कोणी लावलं?"

"ते मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. कुठलं माहीत नव्हतं, सासऱ्यांचं की टुंईचं, ते काही बोलला नाही. त्याला हाका यायला लागल्या, फोटोसाठी. "मी फोन करतो," म्हणून तो गेला. त्याने फोन केला नाही. मीही केला नाही, काय बोलणार होते त्याच्याशी? मनातल्या मनात मात्र त्याला मी अजून रोज झापते, भांडी घासताना, वह्या तपासताना, आणि दर वेळी मला आधीपेक्षा चांगलं सुचतं.

परतीच्या वाटेवर बाहुली मागच्या सीटवर आईंच्या आणि माझ्यामध्ये आडवी पडली होती. महामार्गावर ट्रकांची रांग होती, मनोरचा फाटा यायला वेळ होता, दिवे लागायला आले होते. मी खिडकीतून बाहेर बघत होते, कारण आता आई विचारणार हे मला माहीत होतं.

"ते का हसत व्हते, गो?"

नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस सगळ्या गावाने मिळून झाकलेलं होतं. आता झाकण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "त्यांना तो विनोद वाटला, आई. ते दुःखाचं आहे हे त्यांना कळलंच नाही. मूर्ख आहेत ते. सगळेच्या सगळे मूर्ख आहेत."

आईंनी हळूच मान हलवली.

"नाय गो. येवडी मानसं मूर्क कशी असतील? तो बोलला ना, पुतन्याला 'या' कोन बोलते. बरोबर बोलला. माजंच चुकलं. मी पुतन्याला बोलवाला हुबी व्हती आनी त्यांनाच बोलवत बसली. मंग हसनार नाय तं काय करनार."

"आई, तुमचं काही चुकलं नाही."

"चुकलंच," त्या म्हणाल्या, अगदी समजूतदारपणे, जशी कालवणात मीठ जास्त पडल्याची कबुली द्यावी. मग पदर सारखा केला, समोर बघितलं आणि मालिकेतल्या पुतण्याला म्हणावं तसं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "ये आता. भात निवला."

नवऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

आईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "आता बरोबर?"